छातीतला नंबर

मुहन्नाचा फोन वाजला तेव्हा मी वेलदोडे कुटत होते, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बघा, फोन घरीच विसरून गेला हा मुलगा. नुसता विचार नाही, मी चिडलेसुद्धा. एवढा घोडा झाला, लग्नाला मुली बघायच्या म्हणतो आणि फोन सांभाळता येत नाही. खलबत्ता सरकवून, ओढणीला हात पुसत मी साखरेच्या कपाटाकडे निघाले आणि दोन पावलं गेल्यावर मला आठवलं. फोन मीच तिथे ठेवला होता. खलिफाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डॉक्टरांनी साखर बंद केलीय, त्यामुळे घरातलं तेवढं एकच कपाट तो कधी उघडत नाही. साखर आणि केशराच्या मधे फोन असतो. शुक्रवारी सगळे मशिदीत गेले की मी तो चार्ज करते, उघडते, बंद करते, परत ठेवते. पहिले काही महिने तो वाजायचा. ज्यांना कळलं नव्हतं त्यांचे फोन यायचे. मग हळूहळू साऱ्या दोहाला कळलं. मी मात्र लाइन बंद केली नाही. का नाही केली, असं विचारणारं कोणी नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं.

"मुहन्ना बिन खलिफा?" पलीकडे पुरुषाचा आवाज होता. सुदानी माणूस असावा, एकेक शब्द जपून ठेवत बोलत होता.

"तो बाहेर गेलाय," मी म्हणाले. कसं म्हणाले, अल्लालाच ठाऊक. तोंडातून तेच आलं. इतकी वर्षं त्याच्या मित्रांना हेच तर सांगत आले होते.

"हरकत नाही. त्याला सांगा, ससाण्यांच्या दवाखान्यातून डॉक्टर इद्रिस बोलत होता. त्याची ससाणी सापडली. एक पाय सुजलाय, बाकी ठणठणीत आहे. छातीतली चिप वाचली तर नाव त्याचंच आलं. ज्याच्याकडे होती तो माणूस इथेच बसलाय. येऊन घेऊन जा म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले, आणि वेलदोडे पुन्हा कुटायला घेतले. पार पीठ होईपर्यंत कुटत राहिले.

ती ससाणी मुहन्नाने आणली तेव्हा आमच्या घरात काय तमाशा झाला होता. पोराला बाहेरून बोलवायला गेलं की हातावर पक्षी, जेवायला बसवलं की शेजारी पक्षी. मी म्हणायचे, अरे, बायको कर, ती तरी हातावर बसणार नाही. तो हसायचा. मजलिसच्या, पुरुषांच्या बैठकीच्या, बाजूच्या खोलीत त्याने हिरवं गवत लावलेला खुंट ठोकला, खाली वाळू पसरली, थंड हवेचं मशीन बसवलं. माझ्या खोलीतलं मशीन तेव्हा नादुरुस्त होतं, पण पक्ष्याच्या खोलीत गारवा पाहिजे, कारण उन्हाळ्यात तिची पिसं झडतात आणि नवी येतात, म्हणे तिला त्रास होतो. तिच्या डोक्यावर छोटासा चामड्याचा बुरखा असायचा. मी त्याला चिडवायचे, घरातली सगळ्यात पर्दानशीन बाई हीच. आणि एकदा तो तिला दवाखान्यात घेऊन गेला, संध्याकाळी परत आला, माझी दोन बोटं धरून त्याने तिच्या छातीच्या पिसांत घातली आणि म्हणाला, "यम्मा, लागतंय?" काहीतरी लागत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, कातडीखाली. "ही चिप. हिच्यात फक्त एक नंबर आहे, आणि त्या नंबरावर तिकडे माझं नाव. आता जगात कुठेही गेली तरी ही माझी." मी विचारलं, "म्हणजे हरवली की हा दाणा ओरडून सांगणार?" तेव्हा तो मला समजावत बसला, मी त्याची शाळेतली पोर असल्यासारखा. हा दाणा ओरडत नाही. त्याला बॅटरी नसते. मशीन अगदी अंगाला भिडवलं की त्या मशीनच्याच जोरावर तो जागा होतो, नंबर सांगतो आणि परत झोपी जातो. ओरडणारं वेगळं असतं, ते शेपटीच्या पिसाला बांधतात, उडवायला नेताना. ते लांबून, गाडीतल्या यंत्रावर ऐकू येतं, टिक टिक टिक, पण पीस गळालं की त्याच्याबरोबर तेही गळून जातं. तेव्हा मी म्हटलं होतं, "माझ्याही एका पोराच्या छातीत असला दाणा घालून द्या." त्यावर तो काय म्हणाला ते आठवायचा मी दोन वर्षं प्रयत्न करतेय. काहीतरी म्हणाला होता. आम्ही दोघं खूप हसलो होतो, तेवढं आठवतं.

खलिफा दुपारचा झोपला होता. मी अबाया चढवली, मुहन्नाचा फोन पर्समध्ये टाकला आणि बशीरला गाडी काढायला सांगितलं. बशीर आमचा ड्रायव्हर, मलबारचा. मुहन्नाला शाळेत तोच सोडायचा. मला मामा म्हणतो, इकडे घरातल्या बाईला नोकर तसंच म्हणतात. कुठे जायचं म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मामा, ससाण्यांचा दवाखाना? कोणाचा ससाणा?"

"तुझ्या सासऱ्याचा. तू गाडी चालव."

त्याने गाडी सुरू केली. कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, गाड्या तुंबल्या होत्या, समुद्रावर पांढरं ऊन पडलं होतं, आणि मी खिडकीतून बघत एकच गोष्ट मनाशी घोकत होते: मी तिला घरी आणणार. खलिफा ओरडेल. त्याने तो खुंट स्वतःच्या हाताने उपटून टाकला होता, खोलीत खजुराचे डबे रचले होते, आणि घरात कोणी ससाण्याचं नाव काढायचं नाही अशी तंबी दिली होती. ओरडू दे. डबे बाहेर काढीन. मुहन्नाची प्रत्येक गोष्ट एकेक करून माझ्या हातून गेली होती. ओळखपत्र परत द्यावं लागलं. बँकेतलं नाव गेलं. गाडी तर पत्र्याचा गोळा झाली होती. कपडे नणंदेने वाटून टाकले, म्हणाली सवाब मिळेल, पुण्य लागेल. आता जगात एकच जीव असा होता ज्याच्या अंगात हात घालून विचारलं, तू कोणाची, तर उत्तर मिळत होतं: मुहन्नाची. मला तेवढं घरात हवं होतं. दुसरं काही नको होतं मला.

आणि तरी तिचा रागही होता. का नसावा? तिच्या मागे गेला म्हणून तर गेला. दक्षिणेला उडवायला नेलं होतं. एक कबूतर सोडलं, ती झेपावली आणि वर वर जात दिसेनाशी झाली. त्याच दिवशी दुपारनंतर लाल धुळीचं वादळ आलं, शाळा लवकर सोडल्या, अंगणातली पाण्याची टाकीसुद्धा लाल झाली. रात्री त्याचा फोन आला. "यम्मा, आवाज येतोय. टिक टिक येतंय. वाळूच्या टेकड्यांच्या आत बसलीय कुठेतरी, वादळाने दमली असणार. रात्र गाडीत काढतो, सकाळी हातावर घेऊनच येतो." मी म्हटलं, जेवलास का. म्हणाला, हो. खोटं बोलत होता, आवाजावरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीच्या कड्यावरून गाडी उलटली. माझा दीर शोधायला गेला होता, त्याने नंतर सांगितलं की गाडी उलटी पडली होती आणि आत ते यंत्र अजून वाजत होतं, टिक टिक टिक. त्याने ते बंद केलं. हे त्याने मला का सांगितलं, कोण जाणे. माणसांना काय सांगावं आणि काय सांगू नये, कळत नाही.

दवाखान्यात शिरले तर सगळे पुरुषच. भिंतीच्या कडेने लांब खुंट होते, त्यांच्यावर ससाणे बुरखे घालून ओळीने बसलेले, आणि प्रत्येकाखाली त्याचा माणूस, हातात चहाचा कप. मला बघून सगळे जरा सावरून बसले, दोघं उठून उभे राहिले. हवेत कच्च्या मांसाचा आणि औषधाचा वास होता. मला तो वास ओळखीचा होता. आमच्या घरी दोन हिवाळे हाच वास होता, आणि मी रोज बडबडायचे, खिडक्या उघडायचे, धूप जाळायचे.

डॉक्टर इद्रिस उंच, म्हातारा होत आलेला माणूस होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. फोनवर मी बोलले ते खरं नव्हतं, मुहन्ना बाहेर गेलेला नाही.  तो म्हणाला, "अल्ला त्याच्यावर रहम करो. मला माफ करा, खाला. आमच्या पडद्यावर माणूस गेल्याचं येत नाही."

"म्हणून तर आले," मी म्हणाले.

त्याने मला आतल्या टेबलाशी नेलं. तिथे ती होती. बुरखा घातलेली, एक पाय पांढऱ्या पट्टीत. केवढी मोठी झाली होती, पाठीवरचा रंग बदलला होता, पिसं दोनदा तरी झडून नवी आली असतील. मला ती ओळखता आली नाही. रस्त्यात दिसली असती तर मी दुसऱ्या कोणाची समजून पुढे गेले असते. डॉक्टरांनी हातातलं मशीन तिच्या छातीला लावलं. लहानसा आवाज झाला, आणि पडद्यावर आधी नंबर आला, मग त्याखाली नाव. मालक: मुहन्ना बिन खलिफा. नोंद: चालू. मी म्हटलं, परत लावा. त्यांनी परत लावलं. तिसऱ्यांदा मी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच लावलं. मग ते हळूच म्हणाले, "आता मला कळलंय, खाला, तर नोंद अशी ठेवता येणार नाही. पक्षी तुमचा आहे. तुमच्या नावावर करून देतो, घेऊन जा."

"त्याचं नाव राहणार नाही?"

"नाही. हयात माणसाचंच नाव लागतं."

 माझं नाव तर माझं नाव, पक्षी तर घरी येईल, असं मी स्वतःला समजावलं, तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं.

ज्याला ती सापडली तो हा माणूस. मिसफर नाव त्याचं, चाळिशीचा, उन्हाने रापलेला, उत्तरेकडच्या गॅसच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी. सुटीच्या दिवशी सल्वाच्या रस्त्याला त्याच्या भावाचे उंट असतात तिकडे जातो. त्याने छातीशी एक गाठोडं धरलं होतं. मला बघून सलाम केला आणि नजर खाली ठेवूनच बोलायला लागला, घाईघाईने, पाठ करून आल्यासारखा. "हे हिचं सामान. हा दुसरा बुरखा, माझ्या धाकटीने शिवलाय, वाकडा आहे पण हिला आवडतो. ही हाताची गादी. उजव्या हातावर हिला बसवत नाही, डावाच लागतो. कबुतराची मान खात नाही, नखरे करते."

"दोन वर्षांत एकदाही दवाखान्यात आणलं नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं. रागाने नाही, पण विचारलं.

मिसफरने गाठोडं टेबलावर ठेवलं. "खोटं कशाला बोलू? मला माहीत होतं अंगात चिप असणार. असला पक्षी बिनमालकाचा असतो का कधी? म्हणून तर आणली नाही. मशीन लावलं की नाव येणार, नाव आलं की द्यावी लागणार. पाय सुजला तर घरीच मध लावत बसलो. माझी बायको म्हणायची, तू चोर नाहीस, पण चोरासारखा वागतोयस. काल हिने खाणं सोडलं. मग काय करणार? मरू द्यायची?" त्याने मनगटाने डोळे पुसले. आजूबाजूच्या माणसांनी चहाच्या कपांत तोंडं घातली. इथल्या लोकांत हरवलेला ससाणा ज्याचा त्याला देणं हा इज्जतीचा प्रश्न, आणि याने ते दोन वर्षं टाळलं हे आता साऱ्या दवाखान्याला कळलं होतं. मला त्याची दया आली. खरंच आली. पोरांच्या बाबतीत मीही असंच केलं असतं.

"सापडली कशी?" मी विचारलं. उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"उंटांच्या कुंपणाच्या तारेवर बसली होती, खाला. ते लाल वादळ आलं होतं ना, शाळा सोडल्या होत्या, त्याच संध्याकाळी. मगरिबची बांग व्हायची होती. मी डोक्याचं फडकं दंडाला गुंडाळून पुढे केलं तर आपणहून आली. इतकी दमली होती. शेपटीचं मधलं पीस ताजंच गळालेलं, रक्तसुद्धा होतं जरासं."

त्याच संध्याकाळी.

मी टेबलाची कड धरली. रात्री त्याचा फोन आला तेव्हा ती तारेवर नव्हती, वाळूत नव्हती, या माणसाच्या घरात बसून मांस खात होती. आवाज येतोय यम्मा, टिक टिक येतंय. वाळूत एक पीस पडलं होतं. माझा मुलगा रात्रभर, आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, एका पिसाच्या मागे गेला. आणि या माणसाने त्या रात्री दोन तासांवरच्या शहरात येऊन छातीला मशीन लावून घेतलं असतं, तर साखरेच्या कपाटातला हा फोन मुहन्नाच्या खिशात वाजला असता. त्याने गाडी वळवली असती. घरी आल्यावर मी त्याला जेवण वाढलं असतं आणि रागवले असते.

 डॉक्टरांनी खुर्ची दिली. मिसफर घाबरून पाणी घेऊन आला, आणि माझ्यापुढे वाकून, खूप हळू आवाजात त्याने विचारलं, "तुमचा मुलगा... कशाने गेला, खाला?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मला ते त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. बायकोच्या, त्या बुरखा शिवणाऱ्या पोरीच्या, सगळ्यांच्या अंगावर. मला हवं होतं की यानेही रोज मगरिबला ते ऐकावं, टिक टिक टिक, एकट्या माझ्याच कानात का? मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या हातावर ओरखडेच ओरखडे होते, जुने, नवे, डाव्या हातावर सगळे. मुहन्नाच्याही डाव्या हातावर तसेच होते. अंघोळ घातलेल्या त्या हातावरून मी शेवटचा हात फिरवला होता.

"गाडीचा अपघात," मी म्हणाले. "शहरातच. रस्त्यावर."

"अल्ला त्याच्यावर रहम करो," तो म्हणाला, आणि त्याने सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास मी ऐकला. मला तो सहन करावा लागला.

मग त्याने विचारलं, "तो हिला हाक कशी मारायचा? मी दोन वर्षं हाका मारतोय, येते, पण मनापासून येत नाही. मांस दिसलं की येते."

ती हाक मला माहीत होती, कारण ती माझी होती. जुन्या मोहल्ल्यात राहायचो तेव्हा दिवस मावळताना मी गच्चीवर उभी राहून पोराला घरी बोलवायचे. शब्द काही नाहीत तिच्यात, नुसता सूर. आधी खाली, मग लांबवर चढत जाणारा, शेवटी एकदम तोडलेला. गल्लीतली सगळी पोरं त्याला चिडवायची त्या हाकेवरून. आणि मोठा झाल्यावर एका संध्याकाळी अंगणातून तोच सूर ऐकू आला आणि मी चमकून बाहेर गेले, तर हा हात पुढे करून ससाणीला बोलवत होता. मी म्हटलं, "बापाकडे जमीन मागितली नाहीस, आईची हाक तेवढी उचललीस?" म्हणाला, "मी यायचो ना त्या हाकेला, यम्मा? मग हीही येईल." त्याला मातीत ठेवल्यापासून मी ती हाक काढलेली नव्हती. कोणासाठी काढणार?

"बुरखा काढ तिचा," मी मिसफरला म्हणाले.

त्याने दातांनी एक वादी ओढली, बुरखा काढला. तिचे काळे डोळे सगळीकडे फिरले, माझ्यावरून गेले, थांबले नाहीत. पुरुषांनी भरलेल्या त्या दवाखान्यात, साठीची बाई, मी उभी राहिले, आणि हाक मारली. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा नीट आली, गच्चीवरून यायची तशी, पार शेवटच्या घरापर्यंत.

ती ताठ झाली. पंख उघडले, सुजलेला पाय उचलला. आणि तिने मान वळवली. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे. हाकेला येणारं तिकडून येईल, असं बघत राहिली. मिसफरने हात पुढे केला, तिने बघितलंसुद्धा नाही. मीही वळून दाराकडे बघितलं. काय करू, बघितलं. काचेचं दार आपोआप सरकलं. 

बशीर होता. हातात माझी जपमाळ. "मामा, गाडीत राहिली होती."

आम्ही दोघींनी एकदमच मान वळवून घेतली.

मिसफर बुरखा हातात धरून उभा होता. "कोणाला शोधतेय ही?" त्याने विचारलं.  मी गाठोड्यातला तो वाकडा शिवलेला बुरखा काढला, त्याच्या हातात ठेवला, आणि डॉक्टरांना म्हणाले, "याच्या नावावर करा."

"खाला, नीट विचार करा. पक्षी तुमचा आहे."

"याच्याच नावावर करा. दाराकडे बघत बसायला घरी मी आहे."